मे महिन्यात १६ दिवस घर बंद, कुंड्यांच्या पाण्याचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात चौथ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, लहानमोठ्या मिळून ३५ कुंड्या, मे महिन्यात १६ दिवस कोकणात जायचंय, समोरचे शेजारीही नेमके त्याच काळात नाहीत आणि निघायला दहा दिवस उरलेत. अशा वेळी उलट्या बाटल्या खोचाव्यात, दोऱ्या लावाव्यात, की सरळ ठिबक बसवून घ्यावं?

मी पुण्यात बाल्कन्या आणि गच्चीवरच्या बागा लावून द्यायचं आणि सांभाळायचं काम करते. एप्रिल उजाडला की हाच प्रश्न सगळीकडून येतो, आणि जवळजवळ प्रत्येकाला आधी साधन ठरवायचं असतं. मी नेहमी सांगते की साधनाचं नंतर बघू, आधी झाडांची तहान कमी करा. तहान निम्म्यावर आणली तर साधं साधनही पुरतं. ती तशीच ठेवली तर महागातलं ठिबकही तोकडं पडतं. तुमच्याकडे दहा दिवस आहेत हे फार चांगलं आहे, कारण ही सगळी तयारी निघायच्या आदल्या रात्री होत नाही.

तहान लागते कशामुळे, ते आधी पाहू. झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी पानांवाटे हवेत उडून जातं. ते किती उडणार हे ऊन, वारा, कोरडी हवा आणि पानांचा पसारा यांवर ठरतं. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात उघड्या पसरट भांड्यातलं पाणी दिवसाला साधारण १० मिलिमीटर खाली जातं. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बारा इंची कुंडीचं तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या तोंडाच्या हिशेबानेच पाऊण लिटरच्या आसपास आकडा येतो. जास्वंदीचा पसारा कुंडीच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यात पश्चिमेची तापलेली भिंत आणि फरशी. त्यामुळे भर उन्हातली मोठी जास्वंद दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते.

पण माझ्या आकड्यावर विसंबू नका, तुमच्या कुंडीला विचारा. प्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा बहुतेक घरांत असतो. लहान-मध्यम कुंडीला संध्याकाळी खालून पाणी निथळेपर्यंत पाणी घाला, तासाभराने पूर्ण निथळली की पिशवीत ठेवून वजन करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मध्ये पाणी न घालता, पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिलिलिटर पाणी त्या झाडाने दिवसात खर्चलं. सगळ्या कुंड्या तोलायची गरज नाही. एक गुलाब, एक मोगरा, एक मनीप्लांट, एक तुळस, अशा प्रत्येक प्रकारातली एकेक पुरे. मोठ्या कुंड्या काट्याला झेपत नाहीत. त्यांच्यासाठी उलटं करा: एकदा भिजवून ठेवा आणि रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कितव्या दिवशी कोरडं लागतं ते. हा उद्योग आज-उद्यातच करा, पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

आता तहान कमी करण्याकडे वळू. सगळ्यात मोठा फरक जागा बदलल्याने पडतो. पश्चिमेच्या बाल्कनीतून ज्या कुंड्या उचलता येतात त्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीशी, ड्राय बाल्कनीत, किंवा हॉलमध्ये खिडकीपासून दोन-तीन फुटांवर न्या. ज्या उचलता येत नाहीत त्यांच्यावर हिरवी शेडनेट बांधा, ५० टक्क्यांची पुरते. बांधताना ती वरून तर घ्याच, पण पश्चिमेकडून खालपर्यंत सोडा. दुपारचं तिरपं ऊन आणि वारा दोन्ही तिथूनच येतात. कठड्यावरच्या आणि हुकाला टांगलेल्या कुंड्या न चुकता खाली जमिनीवर घ्या. टांगलेली कुंडी चारी बाजूंनी वाळते हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो त्याचा भरवसा नसतो, आणि चौथ्या मजल्यावरून कुंडी खाली पडणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ.

सावलीत आणलेल्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. झाडांनी सोडलेली वाफ मधल्या हवेत थोडी टिकते आणि बाजूंवर ऊन-वारा लागत नाही. लहान कुंड्या आणि मातीच्या कुंड्या मधोमध, मोठ्या प्लास्टिकच्या कडेला. मातीची कुंडी नुसत्या तोंडातून नाही, सगळ्या अंगाने पाणी सोडते. एरवी मुळांना गारवा मिळतो म्हणून ती मला आवडते, पण १६ दिवसांच्या गैरहजेरीत तिचा हाच गुण अंगाशी येतो. त्यावर उपाय आहे. मातीची लहान कुंडी एखाद्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात किंवा जुन्या बादलीत ठेवा आणि मधल्या फटीत ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा ओली वाळू ठासून भरा. बादलीला तळाशी भोक हवंच. मग ती कुंडी बाहेरून वाळायच्या ऐवजी बाहेरून ओल घेते.

खेटून ठेवण्याआधी एक काम मात्र मन लावून करा. प्रत्येक झाडाची पानं उलटी करून बघा. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांना कोरडी, गरम हवा आणि तहानलेलं झाड फार मानवतं. जास्वंदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला किंवा गुलाबाच्या पानामागे बारीक जाळी दिसली, तर ते झाड इतरांच्या गर्दीत ठेवू नका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून संध्याकाळी फवारा, चार-पाच दिवसांनी पुन्हा फवारा आणि वेगळं ठेवा. नाहीतर परत याल तेव्हा पाण्याने नाही, किडीने बाग गेलेली असेल.

त्यानंतर आच्छादन. याला पर्याय नाही आणि खर्चही जवळपास नाही. मातीवर दोन-तीन इंच जाडीचा थर हवा: सुकलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाच्या गुऱ्हाळावरची वाळवलेली चिपाडं, जे मिळेल ते. चिपाडं ओली घेऊ नका, त्यांना मुंग्या आणि चिलटं लागतात. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, तिथे ओल धरून राहिली की खोड कुजतं. तुळशीच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. वर्तमानपत्राचे दोन-तीन ओले कागद मातीवर अंथरून त्यावर पाला टाकला तर आणखी चांगलं.

छाटणी निघायच्या आठवडाभर आधी उरका, शेवटच्या दिवशी नाही. जास्वंद, गुलाब, सदाफुली, बोगनवेल यांचे लांब वाढलेले कोवळे शेंडे काढा, साधारण एक तृतीयांशापर्यंत. पानं कमी, तर खर्च कमी. मोगरा मे महिन्यात भरात असतो, कळ्या खुडायला जीव होत नाही हे मला कळतं, पण घरात कुणी नसताना उमलणारी फुलं झाडाचं पाणी नेतात. निघायच्या सकाळी उमलतीला आलेल्या कळ्या काढून गजरा करा आणि गाडीत न्या. पुदिना, कोथिंबीर, पालक, मेथी असेल ती काढून वापरून टाका. पुदिना मुळापासून दोन बोटं ठेवून कापला की सावलीत तग धरतो, पालेभाज्यांच्या मागे मात्र लागू नका. त्या पुन्हा पेरता येतात. आणि आत्तापासून खत बंद. खत म्हणजे नवी पालवी, नवी पालवी म्हणजे जास्त तहान. कुंडीबदलही आता नको, दुखावलेल्या मुळांना आधीच कमी पाणी ओढता येतं.

आता हिशेब करू. समजा तुमच्याकडे मोठ्या कुंड्या १०, मध्यम-लहान १५ आणि कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट, झेडझेड अशा काटक मंडळींच्या १०. उन्हात, आच्छादनाशिवाय मोठी कुंडी रोज एक लिटर आणि लहान पाव लिटर घेते असं धरलं, तर १६ दिवसांना १६० आणि ६० मिळून २२० लिटर लागतात. सावली, आच्छादन आणि छाटणीनंतर मोठीला अर्धा लिटर आणि लहानला १०० मिलिलिटर पुरलं, तर ८० आणि २४ मिळून १०४ लिटर. २२० लिटरची सोय बाल्कनीत करणं अवघड आहे. शंभर लिटर म्हणजे एक पिंप आणि एखादी बादली. साधनाआधी तहान असा माझा आग्रह असतो तो यासाठी. तुमचे आकडे वजनाच्या मोजणीतून येतील, तेच घ्या.

काटक झाडांचं आधी संपवून टाकू. त्यांना काहीही करायचं नाही. कोरफड, पानफुटी, अडेनियम, स्नेक प्लांट, झेडझेड यांना निघायच्या दोन दिवस आधी एकदा पाणी द्या, निथळू द्या, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा आणि विसरा. निघताना काळजीपोटी त्यांच्या बशीत पाणी भरून जाणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ती झाडं कोरडेपणाने मरत नाहीत, या बशीतल्या पाण्याने मरतात.

मध्यम-लहान कुंड्यांना, म्हणजे मनीप्लांट, पीस लिली, फर्न, लहान तुळस, कढीपत्त्याचं रोप यांना, दोरीची पद्धत उत्तम चालते. ती नीट सांगते, कारण तिच्यात बारकावे आहेत आणि लोक तिथेच चुकतात. दोरी सुती हवी किंवा मऊ पॉलिस्टरची. स्टोव्हची जाड वात, सुती नाडी, जुन्या सुती साडीच्या दोन इंच रुंद पट्ट्या पिळून, सगळं चालतं. चकचकीत कडक नायलॉन दोरी चालत नाही, ती पाणी ओढत नाही. नवी सुती दोरी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन घ्या, तिच्यावरची खळ गेल्याशिवाय ती पाणी धरत नाही. दोरी आधी पूर्ण भिजवा. पेन्सिलीने कुंडीच्या मातीत कडेला चार-पाच इंच खोल भोक पाडा, दोरीचं टोक तळापर्यंत ढकला आणि माती घट्ट दाबा. दोरी आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर पाणी पुढे सरकतच नाही. दुसरं टोक बादलीच्या तळाला पोचलं पाहिजे, आणि ते वर तरंगू नये म्हणून त्याला एखादा नट किंवा खडा बांधा. कुंडी आणि बादली यांच्यामधली उघडी दोरी हवेने वाळते, म्हणून तेवढा भाग स्ट्रॉ किंवा पारदर्शक नळीच्या तुकड्यातून ओवून घ्या.

बादली कुठे ठेवायची हा यातला कळीचा भाग. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीच्या पातळीपेक्षा थोडं खाली हवं. अशा वेळी दोरी पाणी वर चढवते आणि माती जेवढी कोरडी होईल तेवढंच पुढे जातं. झाडाने मागितलं तर मिळतं, नाहीतर थांबतं. बादली स्टुलावर उंच ठेवली तर तीच दोरी नळी उपसल्यासारखी सतत पाणी ओतत राहते, झाडाला हवं असो वा नसो. दोन दिवसांत बादली रिकामी आणि मुळं गाळात. उलट फार खालीही नको. वीतभरापेक्षा जास्त चढण असली तर दोरीच्या अंगात तेवढं ओढायचं बळ नसतं. पाण्याची पातळी दिवसागणिक उतरणार हे धरून पसरट, रुंद भांडं घ्या. उंच अरुंद पिंपापेक्षा कपडे भिजवायचा टब चांगला. मोठ्या कुंडीला दोन किंवा तीन दोऱ्या लावा, आणि आजच एक कुंडी अशी लावून चार दिवस बघा.

ज्यांच्याकडे लहान लहान पुष्कळ कुंड्या आहेत त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा वापरावा. ओट्यावर जुनी जाड सुती सतरंजी किंवा टॉवेल भिजवून अंथरा, त्याचं एक टोक पाण्याने भरलेल्या सिंकमध्ये सोडा आणि तळाला भोकं असलेल्या कुंड्या थेट त्यावर ठेवा. तळाची माती कापडाला टेकली पाहिजे, म्हणून प्लास्टिकच्या पायवाल्या कुंड्या इथे चालत नाहीत. बंद घर मे महिन्यात भट्टीसारखं तापतं, तेव्हा जाळी असलेली एक खिडकी किलकिली ठेवा आणि पडदे पूर्ण ओढू नका. झाडाला अंधार नकोय, सावली हवी आहे.

मोठ्या कुंड्यांसाठी मला मनापासून आवडणारा उपाय मातीच्या भांड्याचा. न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण वरून झिलई नसलेलं मातीचं भांडं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि झाकायचं. भांड्याच्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि भोवतालची माती ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी ही पद्धत माहीत होती आणि आपल्याकडच्या कोरडवाहू भागात मटका सिंचन म्हणून शेतकरी आजही फळझाडांना वापरतात. बाल्कनीत मटका मावत नाही, पण संक्रांतीची सुगडं मावतात. हळदीकुंकू झालं की ती माळ्यावर पडून असतात. वापरण्याआधी रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी बाहेरचं अंग ओलसर लागलं आणि कागद भिजला तर सुगड कामाचं, रंग दिलेलं किंवा कोरडंच राहिलेलं बाजूला ठेवा. झाकायला दिवाळीतली पणती पालथी बसते. सुगडात पाणी थोडंच मावतं, त्यामुळे एकट्या सुगडावर १६ दिवस निघणार नाहीत. त्यात बादलीतून दोरीचं टोक सोडा आणि सुगड व दोरी जोडीने वापरा. सोनचाफा, लिंबू, मोठा कढीपत्ता असं पिंपातलं झाड असेल तर कुंभाराकडून दोन-तीन लिटरचं लहान मडकं आणा आणि ते कायमचंच पुरून ठेवा.

फर्न, अँथुरियम, नव्याने लावलेल्या फांद्या यांच्यासाठी प्लास्टिकचा तंबू करता येतो. कुंडीला पाणी द्या, निथळू द्या, चार काड्या खोचून वरून पारदर्शक पिशवी घाला आणि खाली सैल बांधा. वाफ पिशवीला लागून परत मातीत पडते. १८३३ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने अशाच बंद काचपेटीत रोपं घालून सिडनीला बोटीने पाठवली, महिनोन्महिने समुद्रावर राहून ती जिवंत पोचली. पुढे चीनमधली चहाची रोपं भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. एकच अट: तंबूवर थेट ऊन पडता कामा नये. पडलं तर रोपं आत शिजतात. जाड पानांच्या झाडांना आणि गुलाबाला हा तंबू लावू नका, त्यांना बुरशी येते.

तुम्ही विचारलेल्या उलट्या बाटल्यांबद्दल. भुसभुशीत मातीत लिटरची बाटली काही तासांत नाहीतर एका दिवसात रिकामी होते. झाकणाला किती भोकं पाडली यापेक्षा माती किती सैल आहे यावर ते ठरतं, आणि ते आपल्या हातात राहत नाही. शनिवार-रविवारसाठी ठीक, १६ दिवसांसाठी नाही. बाटलीच्या तोंडावर बसणारी मातीची पोकळ काडी नर्सरीत मिळते, ती लावली तर बाटली जरा जास्त टिकते.

त्यापेक्षा सलाईनचा सेट किती तरी भरवशाचा. मेडिकलच्या दुकानातून नवा घ्या, दवाखान्यातला वापरलेला नको. साधारण सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला १० थेंब लावले तर तासाला ३० आणि दिवसाला ७२० मिलिलिटर. मिनिटाला सात थेंब म्हणजे दिवसाला ५०० च्या आसपास, आपल्या मोठ्या कुंडीला हवे तेवढेच. पिंपातली पातळी उतरली की थेंबांचा वेगही उतरतो, म्हणून इथेही पसरट भांडं बरं आणि पाणी सुती कापडातून गाळून भरलेलं. बोअरचं जड पाणी असेल तर थेंब कमी-जास्त करायच्या चाकात क्षार धरतात, थेंब बंद होतात. शक्य असेल तर पालिकेचं पाणी वापरा.

आता ठिबक. महाराष्ट्राला त्याचं अप्रूप नाही. इस्रायलमध्ये १९६०च्या दशकात ते रुजलं आणि जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांमुळे आपल्या केळी, द्राक्ष, डाळिंबाच्या बागांत घरोघरी पोचलं. बाल्कनीत बसवायलाही सोपं आहे: नळाला टायमर, त्यापुढे जाळीचा फिल्टर, मग १६ किंवा १२ मिलिमीटरची नळी, तिच्यातून प्रत्येक कुंडीला बारीक नळी आणि ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडणारी तोटी. ताशी चार लिटरचा ड्रिपर १२ मिनिटं चालला की ८०० मिलिलिटर देतो, ताशी दोन लिटरचा तेवढ्याच वेळात ४००. लहान कुंडीला दोनचा, मोठीला चारचा लावायचा, किती मिनिटं ते तुमच्या मोजणीतून ठरवायचं आणि पहाटे पाच-सहाच्या सुमाराला चालवायचं.

पण फ्लॅटमध्ये तीन अडचणी येतात, त्या दुकानदार सांगत नाही. पहिली दाबाची. टायमरचे बरेच प्रकार ठरावीक दाबाशिवाय उघडत किंवा नीट बंद होत नाहीत. टाकी गच्चीवर आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर दाब जेमतेम असतो, दहा मीटर उंचीला एक बार असा हिशेब. तेव्हा शून्य दाबावर चालणारा, आत बॉल व्हॉल्व्ह असलेला टायमरच मागा. दुसरी पाण्याच्या वेळेची. उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी ठरावीक तासच असेल तर टायमरची वेळ त्यातच बसली पाहिजे. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. कुठे एक जोड निसटला आणि घरात कुणी नाही, तर टायमर रोज इमानाने पाणी सोडत राहतो आणि ते खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून उतरतं. म्हणून बंद घरात मी नळाला जोडलेलं ठिबक लावून देत नाही. पिंपाला जोडलेलं देते. काही बिघडलंच तर पिंपाएवढंच पाणी सांडेल. भरलेलं १०० लिटरचं पिंप १०० किलोचं होतं, ते कठड्याच्या टोकाला न ठेवता घराच्या भिंतीला लागून, दोन विटांवर ठेवा. पिंपाच्या एवढ्याशा उंचीवर दाब सांभाळणारे ड्रिपर उघडत नाहीत, हाताने फिरवून पाणी कमी-जास्त करायचे साधे चाकाचे घ्या. आणि बसवल्यावर निदान आठवडाभर तुमच्या डोळ्यांसमोर चालू द्या. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून मोजा, दोन ड्रिपर सारखं पाणी देतच नाहीत.

तुमच्या परिस्थितीत मी असं करेन: मोठ्या दहा कुंड्यांना पिंप आणि सलाईन किंवा ठिबक, पंधरा लहानांना घरात खिडकीशी टब आणि दोऱ्या, दहा काटकांना काही नाही. पाणी शोषून धरणाऱ्या जेलबद्दल, म्हणजे हायड्रोजेलबद्दलही लोक विचारतात. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं हायड्रोजेल चांगलं आहे, पण ते मातीत मिसळून मुळं त्यात वाढली तरच उपयोग. निघताना वर पसरलं तर वाळून जातं.

एका गोष्टीबाबत मी अजिबात सवलत देत नाही. उघडं पाणी ठेवून जाऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुम्ही १६ दिवस नाही, म्हणजे एक अख्खी पिढी तयार होऊन शेजाऱ्यांच्या घरात जाईल. प्रत्येक बादली, टब, पिंप सुती कापडाने घट्ट बांधा, दोरी त्या कापडाच्या भोकातूनच आत जाऊ दे. कुंडीखालच्या बशा काढून टाका किंवा वाळूने काठोकाठ भरा. बशीच्या कडेला चिकटलेली जुनी अंडी कोरडीही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे बशा घासून धुवा. सिंकही वरून कापडाने झाका.

कुणी माणूस मिळत असेल तर या सगळ्यापेक्षा तो उत्तम. शेजारी नाहीत, पण कामाला येणाऱ्या ताई किंवा वॉचमनकाका आठवड्यातून दोनदा येऊन पिंप भरतील का विचारा, आणि त्याचे पैसे ठरवून द्या. त्यांना झाडांची नावं सांगत बसू नका. दर खेपेला पाणी हवं त्या कुंडीला लाल चिंधी, एक खेप सोडून हवं तिला पिवळी, चिंधी नाही त्या कुंडीला हात लावायचा नाही. मगावर मार्करने रेघ मारून ठेवा. निघण्याआधी एकदा तुमच्यासमोर त्यांच्या हातून पाणी घालून घ्या. माणसं मायेपोटी जास्त पाणी घालतात, कमी नाही.

हेच सगळं गणपतीत गावी जाताना उलटं होतं. तेव्हा हवा दमट असते, दहा दिवसांना आच्छादन आणि एकदा भिजवणं बहुतेक झाडांना पुरतं. उघड्यावरच्या कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का तेवढं बघा, आणि छताखालच्या कुंड्यांवर पाऊस पडत नाही हे विसरू नका. दिवाळीच्या सुट्टीत मात्र ऑक्टोबर हीट लांबली असेल तर मे महिन्यासारखीच तयारी करावी लागते.

निघायच्या दिवशी सकाळी काटक झाडं सोडून प्रत्येक कुंडीला पोटभर पाणी द्या. लहान कुंड्या बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. कोकोपीटचं मिश्रण एकदा कडकडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निसटून जातं, आतला गोळा कोरडाच राहतो. त्याला असं बुडवूनच भिजवावं लागतं.

परत आल्यावर घाईने सगळीकडे पाणी ओतू नका. आधी बोट घालून बघा. पानं माना टाकून आहेत आणि माती कोरडी, तर तहान: सावलीत ठेवा, बुडवून भिजवा, संध्याकाळपर्यंत बरीच झाडं उभी राहतात. पानं माना टाकून आहेत आणि माती ओली, वास येतोय, तर मुळं गुदमरलीत: दोरी काढा, बशी काढा, माती हलकेच भुसभुशीत करा आणि वाळू द्या. पानं पूर्ण झडलेली जास्वंद किंवा गुलाब लगेच उपटू नका, नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. वाळलेला भाग हिरव्यापर्यंत कापा आणि थोडंथोडं पाणी देत राहा, दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. खत नवी पालवी फुटल्यावरच. आणि सावलीत ठेवलेली झाडं एकदम पश्चिमेच्या उन्हात नेऊ नका. पहिले दोन दिवस फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवत पाच-सहा दिवसांनी जुन्या जागी.